तागूर्तचा बंब अगनीला

तागूर्त, ३ मे

बासू,

बंब अगनी गावाला. चौकी अगनीला. ॲम्ब्युलन्स अगनीला. पुरात उतरणारी दोन माणसं दोरखंडासकट, तीही अगनीलाच. आणि आम्हाला काय, तर अगनीचा फोन नंबर! तो कागद तुझ्या ऑफिसातून आलाय, खाली तुझी सही आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या कचेरीच्या दाराला चिकटवलाय. मी तीनदा वाचला. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात दोन हिवाळे बसले ते काही झोपा काढायला नाही.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू "हो लल्ला, बघतो लल्ला" म्हणून मोठ्या बहिणीला मान देतोस आणि फोन ठेवून देतोस. कागद ठेवून देता येत नाही, तो समोर पडून राहतो. म्हणून लिहितेय. बसवाला आमारा हे पत्र तुझ्या हातात देईल, शिपायाच्या नाही. तसं त्याला बजावलंय.

आपल्या खोऱ्यातल्या लहान गावांसाठी पोलीस, बंब आणि सुटकेची माणसं एकाच छपराखाली ठेवायची, चार गावांत मिळून एक ठाणं, असा नकाशा आपला बासू आखतोय, असं तुझी आई दोन वर्षं गावभर सांगत फिरत होती. आम्ही म्हटलं, चला, काकाचा मुलगा राजधानीत, रबातला मोठ्या खुर्चीत बसलाय, त्याचा एवढा तरी उपयोग होईल. झाला. कागदावर काय लिहिलंय, तागूर्त, पाच वर्षांत आगी शून्य. पुरात बुडालेले शून्य. चोऱ्या शून्य. मारामाऱ्या शून्य. बासू, आम्ही राहतो की आम्ही मेलेलेच आहोत?

परक्या माणसाने लिहिलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हणून सोडलं असतं. दीड वर्षापूर्वी माझा पोरगा इशू नदीत अडकला तेव्हा तू नव्हतास, म्हणून पुन्हा सांगते. सकाळी आठला तो मधल्या खडकावर चढला, कारण पाणी मागून आलं. आम्ही सगळे काठावर. दोर विहिरीचा, तो अर्ध्यातही पोचेना. दुपारी दोनपर्यंत तो मला दिसत होता. मी हात हलवला की तोही हलवायचा. सहा तास. मग एकदा मी हलवला आणि तिकडून कोणी हलवला नाही. दुसऱ्या दिवशी जनाज्याचा पुढचा डावा दांडा तुझ्या खांद्यावर होता. शून्य लिहिताना तो खांदा दुखला नाही?

आणि अगनी कुठे आहे हे तुझ्या नकाशात दिसतं का? नदीच्या पलीकडे. पूर आला की रस्ता बुडतो. म्हणजे आम्ही बुडायला लागलो की आम्हाला वाचवणारे पलीकडच्या काठावर उभे राहून बघणार. आम्ही बघत होतो तसे. हे साहेब लोकांना माहीत नसेल. तुला माहीत आहे. तू त्या नदीत म्हशीसारखा डुंबलायस.

उत्तर पाठव. सरकारी भाषेत नको.

इत्तो


रबात, १७ मे

लल्ला इत्तो,

सलाम. तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. इशूला मी विसरलेलो नाही. तसं तुला वाटलं, याचंच जास्त वाईट वाटलं.

पण माझी बाजूही ऐक. हे आकडे मी मनाने लिहीत नाही. प्रत्येक गावाला आम्ही तीन पानांचा तक्ता पाठवला होता. पहिलं पान गुन्ह्यांचं, दुसरं आगीचं, तिसरं अपघात आणि मृत्यूंचं. गावाच्या मुखियाने तो भरून, शिक्का मारून परत करायचा. तागूर्तचा तक्ता सोबत जोडला आहे. बघ. तिन्ही पानांवर प्रत्येक रकान्यात "नाही" आहे. शेवटी एक ओळही आहे, "आमच्या गावचे लोक सभ्य आहेत." खाली शिक्का आहे आणि हद्दूची सही आहे. तुझ्या नवऱ्याची.

अगनीच्या तक्त्यात अकरा आगी आहेत. चार बुडालेले आहेत. समितीसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले तर कोणीही काय ठरवेल?

दुरुस्ती करता येते. तीस जूनपर्यंत नवा तक्ता मुखियाच्या शिक्क्यासह आला तर मी तो समितीपुढे ठेवीन. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही. हद्दूला माझा सलाम सांग. त्याच्याशी भांडू नकोस.

तुझा भाऊ,
बासू


तागूर्त, ४ जून

बासू,

भांडले.

तक्ता त्याच्या पुढ्यात ठेवला, चहाच्या ताटाच्या जागी. विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी."

"आगी नाहीत?"

"मग काय लिहायचं होतं? तागूर्तमध्ये चोर राहतात? तागूर्तमध्ये कुदळीने डोकी फुटतात? अगं, तो कागद रबातला जातो. मंत्री वाचतात."

"मंत्री वाचत नाहीत. बासू वाचतो."

"बासूला सगळं माहीतच आहे."

"माहीत आहे ना, मग लिहायला काय झालं?"

"माहीत आहे म्हणूनच लिहिलं नाही. घरच्या माणसाला कोणी घरचं सांगतं का?"

ऐकलंस? त्याला वाटलं तू समजून घेशील. तुला वाटलं त्याने लिहिलं तेच खरं. दोघं एकमेकांकडे बघत बसलात आणि बंब अगनीला गेला.

मग खरं बाहेर आलं. तक्ता एकट्या हद्दूने भरलेला नाही. गावकीचे सगळे म्हातारे त्यावर दोन शुक्रवार बसले होते. शेजारचा झायद म्हणाला, बंब येऊ दे, पण शिपाई नको. शिपाई आला की पाण्याच्या पाळीचं भांडणसुद्धा चौकीत जाईल, आपल्याला कोण विचारणार? मग पहिल्या पानावर सगळीकडे "नाही" लिहिलं. मग कोणीतरी म्हणालं, पहिल्या पानावर एवढे सज्जन आणि दुसऱ्या पानावर सात आगी, बरं दिसत नाही. आग म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा. मग तिथेही "नाही." हद्दू सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा अजून समाधानी होता. जशी काही मुलीच्या सासरकडच्यांना माहिती पाठवली.

मी म्हटलं, "आणि तिसरं पान? तिथे तुझा मुलगा होता."

तेव्हा त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "इशू लिहिला असता तर विचारलं असतं, दाखला कुठे आहे. कुणाला विचारून पुरलात. कबर उकरली असती, इत्तो."

इशू गेला त्या दिवशी त्याने जिल्ह्याला फोन केला होता. गाडी दुसरीकडे गेलीय, संध्याकाळी येईल, असं ते म्हणाले. दोनला सगळं संपल्यावर यानेच परत फोन करून सांगितलं, येऊ नका, काही नाही. "काही नाही" म्हणाला. त्यांना यायला लावलं तर ते इशूला घेऊन जातील, कापतील, म्हणून. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत माती देतात, ते तुला माहीत आहे. कागद कोणी करत नाही. म्हणजे सरकारकडे इशू अजून चालता-बोलता आहे. गेल्या महिन्यात त्याच्या नावाने मतदानाची चिठ्ठी आली. त्याच्या बायकोने, तूदाने, ती घेतली आणि पिठाच्या डब्यात ठेवली.

शिक्का दे म्हटलं तर देत नाही. "एकदा लिहिलं ते लिहिलं. आता बदललं तर आपण खोटारडे ठरू." खोटारडे ठरू म्हणतो!

मग मी भट्टीवर गेले. भाकरी लावायला सगळ्या बायका तिथे येतातच. वही घेऊन बसले आणि एकेकीला विचारलं, तुझ्या घरचं काय जळलं, कोण बुडालं, कोण पडलं, काय चोरीला गेलं. आधी हसल्या. पुरुष येता-जाता म्हणाले, बघा, इत्तोची खानेसुमारी. मग एक बोलली आणि मग कोणी थांबेना. भाकऱ्या करपल्या. पाच वर्षांत आगी सात नाहीत, नऊ. बुडालेले तीन. कोरड्या विहिरीत पडून एक, तिला वर काढायला दोन दिवस लागले, कारण खाली उतरायला कोणी तयार नव्हतं. झाडावरून काढलेले खजूर दर हंगामात चोरीला जातात, ते लिहिता लिहिता पान संपलं. एकेचाळीस जणींचे अंगठे आहेत. पहिला तुझ्या आईचा. नीट बघ, ओळखशील.

वही आमाराबरोबर पाठवतेय. शिक्का नाही. शिक्क्यावर काय असतं? गावाचं नाव. ते मी वर लिहिलंय.

इत्तो


रबात, २९ जून

लल्ला इत्तो,

वही मिळाली. पूर्ण वाचली. आईचा अंगठा ओळखला.

शिक्क्याशिवाय ती समितीपुढे ठेवता येत नाही. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, उद्या प्रत्येक गावातून अशी वही येईल.

लल्ला, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती लिहितो. समितीत चर्चा झाली तेव्हा एक जण म्हणाला होता, तागूर्तमध्ये खरंच काहीच घडत नाही? हे जरा विचित्र वाटतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझं गाव ते त्यांना माहीत आहे. मी म्हणालो, कागदावर जे आहे ते आहे. नदीच्या रस्त्याचंही बोललो नाही. मी बोललो असतो तर म्हणाले असते, बासूने ठाणं आपल्या गावाला ओढलं. इथे पंधरा वर्षं मी हेच जपलंय, की माझ्याकडे बोट दाखवून कोणी असं म्हणू नये. तू रागावशील. पण इथे बसल्याशिवाय हे कळत नाही.

आराखड्यावर शेवटच्या सह्या पंधरा ऑक्टोबरला होतील. तोपर्यंत फक्त पोलिसांकडे रीतसर नोंद झालेली घटना जोडता येते, तिला शिक्का लागत नाही. तागूर्तच्या नावावर तशी एकही नोंद नाही. पुढचा फेरविचार तीन वर्षांनी. तेव्हा मी नक्की काहीतरी करीन.

उन्हाळ्यात पोरांना घेऊन यायचा विचार होता. यंदा जमेलसं वाटत नाही.

बासू


रबात, २० सप्टेंबर

लल्ला इत्तो,

जूनपासून तुझं पत्र नाही. आई फोनवर तुझ्याबद्दल विचारलं की विषय बदलते.

खजुराच्या बागेत आग लागल्याचं इथे कोणाकडून तरी ऐकलं आणि घाबरून हद्दूला फोन केला. तो म्हणाला, थोडा कचरा जळाला, काही नाही, सगळे खुशाल आहेत. ऐकून जीव भांड्यात पडला. तू अजून रागावली असशील तरी दोन ओळी लिही.

यंदा खजूर कसे आहेत? पोरं विचारतात.

बासू


तागूर्त, २८ सप्टेंबर

बासू,

खजूर कोळशासारखे आहेत. पोरांना सांग.

हद्दूने तुला सांगितलं तो कचरा म्हणजे तीनशे बारा झाडं. मी मोजली, कारण मोजायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तुझ्या बापाने लावलेली सगळी त्यात आहेत. नऊ तारखेला दुपारी झायद दरवर्षीसारखा खाली पडलेल्या वाळक्या झावळ्या जाळत होता. वारा उठला. खजूर शेंड्याला पेटतो हे तुला सांगायला नको, एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर उडत जातो. हौद भरलेला होता. पण त्या दिवशी पाण्याची पाळी वरच्या आळीची. पाळीवाला म्हणाला, मी त्यांना विचारल्याशिवाय हौदाचं दार उघडलं तर उद्या माझी मान धरतील. विचारून येईपर्यंत अर्धा तास गेला. अगनीचा बंब अजून कागदावरच, जिल्ह्याचा अडीच तासांनी आला आणि बागेच्या बोळात शिरेना. बंबवाले बिचारे नळी ओढत धावले. नळी संपली, बाग पुढे जळत राहिली.

तूदाच्या दोन शेळ्या आत बांधलेल्या होत्या. ती त्यांना सोडायला गेली. पेटलेला शेंडा तिच्या पायांवर पडला. गुडघ्यांपर्यंत दोन्ही पाय. ॲम्ब्युलन्स नव्हती, खजुराच्या ट्रकमध्ये गोणपाटावर घालून नेली, ऐंशी किलोमीटर. मी बरोबर होते. ती ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. अजून जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. उजवा पाय राहील की नाही, डॉक्टर बोलत नाही. आणि हद्दू म्हणतो, सगळे खुशाल आहेत.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला कोणी सांगणार नाही.

दोन दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आले. गुरुवार होता. सकाळी झायदने आमच्या दारात मेंढा कापला. रीतच आहे, ज्याच्याकडून चूक झाली त्याने दारात रक्त सांडायचं, समोरच्याने मटण घ्यायचं, की तोंडं बंद. झायद रडत होता. वाईट माणूस नाही तो. इशूला शोधायला रात्रभर नदीकाठाने तोच फिरला होता. त्याने ताट माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. हद्दूने घेतलं. म्हाताऱ्यांनी घेतलं. अंगणात सगळे जेवायला बसले आणि तेवढ्यात जिल्ह्याचा फौजदार आला. दवाखान्याने जळालेली बाई आली म्हणून कळवलं होतं.

फौजदाराने विचारलं, "आग कशी लागली?"

हद्दू बोटं चाटत म्हणाला, "साहेब, थोडा कचरा पेटला. विझला. बसा ना, दोन घास घ्या."

"आणि ती बाई?"

"चुलीवर भाजली. बायकांचं चालतंच."

मला वाटलं झायद तरी काही बोलेल. तो मातीकडे बघत होता. बासू, मी आत पाणी गरम करत होते. फौजदार वही मिटायला लागला तेव्हा मी बाहेर आले. म्हटलं, "वही उघडा. मी सांगते."

हद्दू म्हणाला, "इत्तो, आत जा."

"तू जा आत. साहेब, लिहा. खजुराची तीनशे बारा झाडं."

एक म्हातारा म्हणाला, "मेंढा कापलाय, लल्ला. दारात रक्त आहे."

मी म्हटलं, "दवाखान्यातपण आहे. तिथे जाऊन जेवा."

सगळं सांगितलं. झावळ्या कोणी जाळल्या तेही सांगितलं, कारण अर्धं सांगितलं की ते "थोडा कचरा" होतं. पाण्याचं दार का उघडलं नाही, बंब किती वाजता आला, ट्रकमध्ये तूदाला कोणी उचललं, सगळं. मग म्हटलं, अजून एक आहे, जवळजवळ दोन वर्षांचं जुनं, नदीचं. फौजदाराने पान उलटलं. तेव्हा हद्दू उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात अर्जही दिला, मेलेला मेला म्हणून लिहा, असा. ते कबर उकरणार नाहीत म्हणाले. दोन साक्षीदार पुरे. जवळजवळ दोन वर्षं आम्ही ज्याला भीत होतो, ते खरं आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

झायदला घेऊन गेले. दोन दिवस ठेवलं, सोडलं, खटला उभा राहील. त्याची बायको एकेचाळिसांतली एक, माझ्या वहीवर तिचा अंगठा आहे. आता मी भट्टीवर गेले की ती पाठ करते, आणि ती करते म्हणून बाकीच्याही करतात. माझी भाकरी मी घरीच तव्यावर भाजते. हद्दू माझ्याशी बोलत नाही, फक्त एकदा म्हणाला, "गावाचं नाक कापलंस." मी म्हटलं, नाक घेऊन बंब आणता येत असेल तर आण. तुझी आई येते, मागच्या दाराने. मला कोणाची दया नको. झायदच्या घरावरून आता मी जात नाही, वळसा घालते, एवढं तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. मेंढ्याचं मटण घेतलं असतं तर आज तो माझ्याशी बोलत असता आणि तूदा चुलीवर भाजलेली असती.

सोबत दोन्ही नोंदींच्या नकला आहेत, आगीची आणि इशूची. फौजदाराची सही आहे, नंबर आहे, तारीख आहे. पोलिसांकडची नोंद असेल तर शिक्का लागत नाही, असं तूच लिहिलंस. तेव्हा तुला वाटलं असेल, तागूर्तमधून कोण जाणार पोलिसांकडे.

आता पंधरा ऑक्टोबरला तू त्या टेबलाशी बसशील. नकला पुढे ठेवायच्या. आणि नुसत्या ठेवायच्या नाहीत, शिपाईसुद्धा ठेवेल. तोंडाने बोलायचं, की हे माझं गाव आहे, मी इथे पोहायला शिकलो, पूर आला की अगनीचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणतील, बासूने ठाणं आपल्या गावाला ओढलं. म्हणू देत. मला काय काय म्हणतात ते मी वर लिहिलंय, अजून उभी आहे.

बोलणार असशील तर "हो" लिही. नसशील तर "नाही" लिही, म्हणजे मी स्वतः त्या दिवशी तुझ्या ऑफिसच्या दारात येईन, आणि तुझी आई माझ्याबरोबर असेल. तिला विचारलंय, ती तयार आहे. तिसरा कुठला शब्द लिहू नकोस. फोन करू नकोस, हद्दूमार्फत निरोप पाठवू नकोस. उत्तर तुझ्या हाताने लिहिलेलं, आमाराच्या बसने, गुरुवारी ९ ऑक्टोबरला. बस दुपारी साडेतीनला येते. मी थांब्यावर उभी असेन.

इत्तो